एक लॉरी पाला

तुसाला हलकं समजणाऱ्या माणसानं ते एकदा तरी बॉयलरमध्ये जाळून बघावं. भाताचं तूस फुंकर मारली तरी उडतं, पण भट्टीत गेलं की त्याची मिजास बघावी. जाड थर पडला तर खालचं घुसमटून धूर करतं आणि वरचं तसंच पिवळंधमक राहतं. पातळ फेकलं तर अर्धं जळतजळतच चिमणीतून बाहेर पडतं आणि शेजारच्या कारखान्याच्या आवारात जाऊन बसतं. मग शेजारचा मॅनेजर आमच्या शेठना फोन करतो, शेठ खाली येतात, आणि मी काळ्या तोंडानं उभा राहून पुन्हा असं होणार नाही म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. आयुष्याची चांगली उमेदीची वर्षं तिथं या तुसाची मनधरणी करण्यात गेली.

मी गेलो तेव्हा तिथं तेलावरचा बॉयलर होता. बटण दाबलं की जाळ, बटण दाबलं की बंद. पुढे तेल परवडेना म्हणून शेठनी लाकडं आणली. लाकडं मिळेनात म्हणून तूस आणलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी अक्षरशः पाहिलंय. वाणगावच्या, सफाळ्याच्या भातगिरण्यांतून लॉऱ्या भरून तूस यायचं आणि शेडमध्ये डोंगराएवढं साचायचं. ते नाकात जायचं, कानात जायचं, डब्यातल्या भाजीत पडायचं. मला खोकला लागला तो तिथंच. बायको म्हणायची, तुमच्या बनियनीला बारा महिने शिमगा. गावाकडे, साताऱ्यात, सगळ्यांना वाटायचं की मी तारापूरच्या अणुवीज केंद्रात मोठ्या हुद्द्यावर आहे. मी सांगायचो, नाही हो, मी तूस जाळतो. त्यांना ती माझी नम्रता वाटायची.

माझ्या हाताखाली एक फायरमन होता. फायरमन म्हणजे भट्टीत इंधन टाकणारा, राख ओढणारा, जाळी मोकळी ठेवणारा. तो मनोरच्या अलीकडच्या एका डोंगरपाड्यावरचा, पण राहायचा कारखान्याच्याच आवारातल्या खोलीत, घरी जायचा महिन्या-दोन महिन्यांनी. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा होता, तरी मी त्याला अरेतुरे करायचो. कारखान्यात फायरमनला कुणीच अहोजाहो करत नसे, म्हणून मीही केलं नाही. तो मला मिस्त्री म्हणायचा. बोलायचा कमी. मी दिवसभर कुणाला ना कुणाला शिव्या घालत असायचो, कधी गिरणीवाल्याला, कधी ब्लोअरला, कधी साक्षात तुसाला. तो ऐकून घ्यायचा आणि फावडं चालवायचा.

त्याच्या हाताला मात्र तूस वश होतं, हे कबूल करायला हवं. तो फावड्याला असा एक हिसका द्यायचा की तूस भट्टीत चहूकडं सारखं पसरायचं. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असला तरी भट्टी पार विझवून चालत नाही, पुन्हा वाफ धरायला फार वेळ जातो. अशा वेळी तो निखाऱ्यावर तुसाचा जाड थर द्यायचा आणि वरून ओलसर राख पसरायचा. आत दिवसभर धुमसत राहायचं, दुसऱ्या दिवशी उकरलं की लाल. हे तू कुठे शिकलास म्हणून मी एकदा विचारलं. तो म्हणाला, घरी राब भाजतो ना, त्यात वरून माती टाकायची असते, नाहीतर भडकतो. मी हं म्हणालो. पुढं काही विचारलं नाही. त्या क्षणी आणखी दोन प्रश्न विचारले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

राब हा शब्द मला फक्त रजेच्या अर्जापुरता ठाऊक होता. दरवर्षी चैत्रात तो चार दिवस मागायचा. कारण एकच, राब भाजायचा. मी दरवर्षी कुरकुर करायचो, कारण ते चार दिवस फावडं माझ्या हातात यायचं. शेवटी सही करायचो. माझी समजूत अशी की आमच्याकडे ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवतात, तसंच हे काहीतरी असणार. आमच्याकडे ज्याला काडी लावतात ते नको असतं म्हणून लावतात. पाचटाला कोण विचारतो? माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालायचे. घरात अशी वाटणीच होती, की रस गेल्यावर उरलेली चिपाडं म्हणजे इंधन आणि रानात पडलेलं पाचट म्हणजे कचरा. तेवढ्या शहाणपणावर मी कोकणात आलो होतो.

फायरमनचा एक हट्ट होता. त्याच्या पाड्यावरची बहुतेक घरं दिवाळी झाली की कुलूप नसलेल्या दाराला नुसती कडी घालून वीटभट्ट्यांवर जायची, ती आखाड जवळ आल्यावर परत. त्याचं स्वतःचं लहानपण तसंच गेलं होतं. भट्टीवर असतानाच त्याची एक बहीण तापानं गेली होती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, राख ओढता ओढता, माझ्याकडे न बघता. म्हणून त्यानं ठरवलं होतं की आपली बायको आणि दोन पोरं भट्टीवर जाणार नाहीत. त्याचा पगार आणि डोंगरउताराच्या तुकड्यातला भात, दोन्ही मिळून वर्ष कसंबसं निघायचं. यातलं एक जरी गेलं तरी त्याचं गणित मोडायचं. मला हे सगळं माहीत होतं. मला काही माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय त्यानं ठेवलेली नाही.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी आमच्याकडे पांढऱ्या कोळशाचा व्यापारी आला. तूस, भुसा, शेंगांची टरफलं, पाला, जे मिळेल ते वाळवून, बारीक करून, यंत्रात दाबून त्याचे मनगटाएवढे जाड दंडुके करायचे, त्याला पांढरा कोळसा म्हणत. रंगानं तो तपकिरी असायचा, पण ते असो. व्यापाऱ्यानं शेठसमोर एक दंडुका टेबलावर आपटून दाखवला. म्हणाला, धूळ नाही, धूर कमी, राख थोडी, आणि हे कधी संपणारं नाही, कारण झाडाला पाला दरवर्षी येतोच. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. शेठ म्हणाले, एक लॉरी आणा, दोन दिवस जाळून बघू, आमच्या मिस्त्रीनं हो म्हटलं तर कायमचं घेऊ.

मी तर आधीच हो म्हटलेलं होतं, मनातल्या मनात. खोकल्यानं तेव्हा मी बेजार झालो होतो. डॉक्टर विचारायचे, बिडी ओढता का? मी म्हणायचो, नाही, कारखान्याची चिमणी ओढतो. पाठ धरलेली, डोळे कायम चुरचुरणारे. हा दंडुका आला तर माझी उरलेली नोकरी माणसासारखी जाईल, एवढंच मला दिसत होतं.

पण लॉरी काही येईना. व्यापारी येऊन रडगाणं गाऊ लागला की यंदा तूस मिळतच नाही, गिरण्यांनी आधीच दुसऱ्यांना लावून दिलंय, यंत्र बसून आहे. एक लॉरीभर पाला, काटक्या काहीही मिळालं तरी तो नमुना करून देणार होता. शेठ अशा बाबतीत फार दिवस वाट बघणाऱ्यांतले नव्हते. आणि तिथं मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणालो की मला एक जागा माहीत आहे.

त्याच वर्षी माघात मी फायरमनच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यानं घर नव्यानं शाकारलं होतं आणि दोन वर्षं तो मला या म्हणत होता. बोईसरहून मनोरकडे जाणाऱ्या एस.टी.नं उतरून अर्धा तास चालायचं. कुडाचं स्वच्छ सारवलेलं घर. त्याच्या आईनं मला नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण वाढलं आणि मी संपवीपर्यंत समोर बसून राहिली. बारीक, वाळकी, वाकलेली बाई, पण हातपाय सतत हलते. जेवून बाहेर आलो तेव्हा शेताच्या कडेला पुरुषभर उंचीचा ढीग दिसला. वाळलेला पाला, ऐनाच्या डहाळ्या, गवत, एका बाजूला शेण्या. मी विचारलं, हे काय? फायरमन म्हणाला, राबाचं हाय, चैत्रात भाजायचं. मी मनात म्हटलं, केवढा हा कचरा आणि केवढी ही मेहनत तो एका जागी आणायची! तोंडानं मात्र भाकरीचं कौतुक केलं.

तर तो ढीग मला आठवला. कारखान्याच्या सुट्टीचा, शुक्रवारचा दिवस होता. फायरमन धुमसत्या भट्टीवर राखणीला बसला होता. मी त्याला म्हणालो, व्यापाऱ्याबरोबर जरा कचरा आणायला जातोय. कुठून ते सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, संध्याकाळी सांगू, खूशच होईल, त्याचे रजेचे चार दिवस वाचतील. हे मी खरोखर मनात म्हटलं होतं, की त्याचे चार दिवस वाचतील. तो म्हणाला, बरं.

पाड्यावर त्याची आई एकटीच होती. सून मजुरीला गेलेली, पोरं शाळेत. मला लॉरीतून उतरताना बघून तिनं आधी घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी तिला सांगितलं, कारखान्याला पाला हवाय, हा ढीग न्यावा म्हणतो. ती ढिगाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, पोरगा काय बोलला? मी म्हणालो, तो भट्टीवर आहे. हे खरंच होतं. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो मी इतकी वर्षं रोज स्वतःच्या तोंडून ऐकतो आहे.

"नाहीतरी तुम्ही हे पेटवणारच ना?"

"हो," ती म्हणाली, "पेटवणारच."

तिच्या दृष्टीनं तो विचारण्यासारखा प्रश्नच नव्हता. पाहुणा विचारतोय, पोराचा मिस्त्री विचारतोय, तर खरं ते उत्तर दिलं. मग ती उठली, आत जाऊन पाटी घेऊन आली आणि लॉरीवर पाला भरायला लागली. मी नको म्हणालो. ती थांबली नाही. व्यापाऱ्याची दोन माणसं आणि ती, तिघांनी मिळून दुपारपर्यंत लॉरी भरली. डहाळ्यांची प्रत्येक मोळी वेलानं बांधलेली होती, एकसारखी, हातभर लांबीची. कचरा कुणी असा वेलानं बांधून ठेवतो का, हे डोळ्यांसमोर असूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. शेण्या यंत्राला चालत नव्हत्या, म्हणून त्या आम्ही तिथंच ठेवल्या. जाताना मी तिला सांगितलंसुद्धा, की शेण्या तुम्हाला ठेवल्यात. व्यापाऱ्यानं तिच्या हातावर काही नोटा ठेवल्या. तिनं त्या पदराला बांधल्या आणि लॉरी वळेपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी कारखान्यात आलो तो इतका दमलेला की थेट घरी जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुसरी कटकट निघाली. सांगायचं राहूनच गेलं.

आठवड्यानं दंडुके आले. फायरमननं एक उचलला, मोडला, मोडलेल्या जागी वास घेतला. म्हणाला, ऐनाचा पाला हाय यात. मी म्हणालो, हो, डोंगरातलाच कचरा आहे. त्यानं मान हलवली आणि भट्टीचं दार उघडलं. दोन दिवस आम्ही तो पांढरा कोळसा जाळला. खोटं कशाला बोलू, फार सुंदर जळला. प्रेशरचा काटा जिथं ठेवला तिथं राहिला. चिमणीतून फिकट धूर. शेडमध्ये बसून डबा खाता आला. शेठ खाली आले, काट्याकडे बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला. फायरमन एकेक दंडुका हातानं उचलून आत लावत होता. फावड्याची गरजच नव्हती. त्याचंही मन प्रसन्न दिसलं. म्हणाला, चांगला जळतो, मिस्त्री, आता तुमचा खोकला जायल. त्यानंतर त्यानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढला, राबाच्या चार दिवसांच्या रजेचा. मी त्या वर्षी प्रथमच कुरकुर न करता सही केली. सही करतानासुद्धा मला काही आठवलं नाही. माणसाचा थकवा कुठवर जाऊ शकतो याचा मी आणखी काय पुरावा देऊ?

तो दुसऱ्याच दिवशी परत आला. सकाळी पाळी सुरू होण्याआधी येऊन शेडच्या पायरीवर बसला होता.

"एवढ्यात आलास?"

"मंग काय करू? भाजायला काय नाय."

तेव्हा कुठं मला ती लॉरी आठवली. तो माझ्याकडे बघत नव्हता, दंडुक्यांच्या राखेच्या ढिगाकडे बघत होता. मग अगदी हळू, कुणावर आरोप करायचा म्हणून नव्हे तर स्वतःलाच समजावं म्हणून बोलल्यासारखं म्हणाला, "आई बोलली, मिस्त्री आले होते. मंग मला समजला. राब मीच भाजला ना, हितं. दोन दिवस. माझ्या हातानं."

मी घाईघाईनं बरंच काही बोललो. आपण दुसरा पाला गोळा करू, व्यापाऱ्याची लॉरी पाठवतो, आठ दिवसांत पुन्हा ढीग उभा करू. तो ऐकत होता. मग त्यानं मला सगळं नीट सांगितलं, पोराला सांगावं तसं. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं. आई आणि बायको दिवाळीपासून होळीपर्यंत रोज एकेक भारा आणतात. ऐनाच्या फांद्या तोडताना शेंडा ठेवायचा, नाहीतर झाड मरतं. त्या डहाळ्या वाळवून मोळ्या करायच्या. मग जिथं रोप करायचं तिथं आधी शेण, त्यावर डहाळ्या, त्यावर पाला आणि गवत, सगळ्यात वर बारीक माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे सावकाश भाजतं. त्या धगीनं मातीतलं गवताचं बी मरतं. मग पाऊस आला की त्या जागी फक्त भातच उगवतो. आता झाडावर तोडायला फांदी उरलेली नव्हती, आणि रानातला पडलेला पाला होळीच्या वणव्यात गेला होता. चैत्र अर्धा संपला होता.

मी म्हणालो, राख तर आहे ना आपल्याकडे? तुझ्याच पाल्याची राख आहे. गोण्या भरून नेऊ.

"राख नाय लागत, मिस्त्री," तो म्हणाला, "जाळ लागतो मातीला."

तरीही मी राख पाठवली. व्यापाऱ्याच्या लॉरीतून, वीसेक गोण्या, माझ्या जिवाच्या समाधानासाठी. त्यांनी ती शेण्यांच्या बरोबरीनं वाफ्यावर पसरली. मला बरं वाटावं म्हणूनच पसरली असेल.

पाऊस वेळेवर आला. पेरलं ते सगळं उगवलं, आणि न पेरलेलंही सगळं उगवलं. भाताचं रोप आणि त्याच्यासारखंच दिसणारं गवत, दोन्ही कोवळेपणी हिरवी आणि टोकदार. ते निवडणं म्हणजे तांदळातून तांदूळ निवडणं. त्याची आई डोक्यावर इरलं घेऊन दिवसच्या दिवस त्या वाफ्यात उकिडवी बसायची आणि एकेक काडी उपटायची, असं तो सांगायचा. मी विचारल्यावरच सांगायचा, आपणहून नाही. कधी गवत समजून भातच उपटलं जायचं. शेवटी लावणीला रोप पुरलं नाही. अर्धा तुकडा मोकळा राहिला. जे लागलं तेही पिवळट, मुळं धरता धरता श्रावण संपला.

या काळात आमच्या बॉयलरचं मात्र छान चाललं होतं. शेठनी व्यापाऱ्याशी वर्षाचं ठरवून टाकलं. शेड झाडून, धुऊन घेतली. माझा खोकला महिन्या-दोन महिन्यांत थांबला. रात्री झोप लागू लागली. बायको म्हणाली, देव पावला. मी तिला काही सांगितलं नाही. ती सातासमुद्रापारची बाई नव्हती, शेतकऱ्याचीच मुलगी होती, तिला अर्ध्या वाक्यात समजलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एक दिवस फायरमन म्हणाला, बायको आणि पोरं गेली भट्टीवर. एवढंच म्हणाला. वीटभट्टीच्या मुकादमाची गाडी येऊन घेऊन गेली होती. धाकटी पोरगी तिसरीत होती. मी विचारलं, आणि आई? तो म्हणाला, ती नाय गेली, ती राबाला राहिली. मग दंडुके लावत राहिला. मला वाटत होतं त्यानं एकदा तरी माझ्यावर ओरडावं, फावडं आपटावं, शेठकडं जावं. मी स्वतः तेच केलं असतं, तेही दहा वेळा. मी बारीकसारीक गोष्टींवरून आकांडतांडव करणारा माणूस. तो मात्र तसाच मिस्त्री म्हणायचा, तसाच सकाळी चहाचा पहिला ग्लास माझ्यासमोर ठेवायचा. त्या चहानं माझा जीव नकोसा व्हायचा. मी त्याला अहोजाहो करायला लागलो होतो. त्यानं एकदा वळून पाहिलं आणि म्हणाला, तुमी आधी बोलत होता तसंच बोला, असा बोलला की मला आपल्याशी बोलल्यासारखा वाटत नाय.

पौषात मी पाड्यावर गेलो. एकटाच, त्याला न सांगता. पुन्हा न सांगताच, हे आज लिहिताना लक्षात येतंय. मला त्याच्या आईची माफी मागायची होती. वाटेत मी वाक्यंही जुळवली होती. बाजारातून एक लुगडं घेतलं होतं, ते पिशवीत होतं. पाड्यावर सामसूम होती. दहा-बारा घरांतल्या दोनतीन घरांपुढंच काय ती कोंबडी, बाकी दारांना कडी. लांबूनच ती दिसली. शेताच्या कडेला बसून डहाळ्यांची मोळी बांधत होती. शेजारी नवा ढीग होता, माझ्या गुडघ्यापेक्षा थोडा उंच. गेल्या वेळेसारखा डोंगर व्हायला अजून पुष्कळ भारे लागणार होते, आणि आता आणणारी ती एकटी होती.

तिनं मला पाहिलं. ओळखलं. हातातली मोळी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. ती पाटी घेऊन बाहेर आली. माझ्या मागं वाटेकडं तिनं एकदा पाहिलं, लॉरी कुठं थांबलीय ते बघायला, आणि मग वाकून ढिगातला पाला पाटीत भरायला लागली.

मी धावलो. तिचा हात धरला. म्हणालो, आई, नको, मी त्याच्यासाठी नाही आलो.

तिनं पाटी खाली ठेवली. पदरानं हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका झाल्याचंही काही नव्हतं. तिला फक्त कळत नव्हतं.

"मंग कशाला आला?" तिनं विचारलं.

जुळवलेल्या वाक्यांऐवजी मी पिशवीतलं लुगडं काढून तिच्यापुढं ठेवलं. ती आत जाऊन पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि तिनं अर्धवट ठेवलेली मोळी बांधायला बसलो. मला वेलाची गाठ येत नव्हती. तिनं दोनदा सोडून पुन्हा दाखवली, आणि तिसऱ्यांदा ती मोळी माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः बांधली.